वेलस्ली की वेस्ली? आणि मग कॉली कोण?

— असईच्या लढाईतला (२३ सप्टेंबर १८०३) इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आधीच्या कागदांत ‘वेस्ली’ असा दिसतो. लेखनिकाची चूक, की माणूसच वेगळा? आणि त्याचा पुढचा किताब ‘वेलिंग्टन’ यातूनच निघाला का?

— माणूस एकच. आर्थर १७९७ मध्ये कलकत्त्याला उतरला तेव्हा सही ‘वेस्ली’ अशी करायचा. ‘वेलस्ली’ ही सही मे १७९८ पासूनची. थोरल्या भावानं, रिचर्डनं, १७८९ मध्येच हे जुनं लांब रूप पुन्हा उचललं होतं. मूळ गाव इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात, वेल्स शहराजवळ. ते वेल्स म्हणजे झरे, अन् शेवटचा ‘ली’ म्हणजे जुन्या इंग्रजीत रानातली मोकळी जागा. आपण गावाला ‘कर’ लावतो. तिथं गावाचं नावच आडनाव होऊन बसतं. आयर्लंडला गेलेल्या घराण्यात ते बोलता बोलता झिजलं, वेस्ली झालं.

— रक्तानं मात्र हे वेस्ली नव्हेत, कॉली. १७२८ मध्ये गॅरेट वेस्ली निपुत्रिक वारला. मीथ परगण्यातली डँगनची जमीन रिचर्ड कॉलीकडे आली आणि त्यानं जमिनीबरोबर आडनावही घेतलं. हा आर्थरचा आजोबा. १७४६ मध्ये तो बॅरन मॉर्निंग्टन झाला. इंग्रजी पुस्तकं दोघांना नुसतं ‘कझिन’ म्हणून मोकळी होतात. मराठीत नातं नेमकं सांगता येतं: गॅरेट हा रिचर्ड कॉलीचा आतेभाऊ.

— म्हणजे दत्तकच की.

— नाही. दत्तकात बाप बदलतो, इथं फक्त आडनाव बदललं. आणि हे एकदाच घडलेलं नाही. आर्थरचा भाऊ विल्यम यानं १७८१ मध्ये पोल नावाच्या नातलगाची मालमत्ता मिळताच आडनावापुढं ‘पोल’ जोडलं. गंमत पुढेच आहे. धाकटा हेन्री १८२८ मध्ये उमराव झाला तेव्हा त्यानं किताब घेतला ‘काउली’. हे कॉलीचंच दुसरं लेखन. शंभर वर्षांनी जुनं आडनाव परत आलं, पण किताब होऊन!

— वेलिंग्टनचं राहिलं. १८०९ मध्ये तालाव्हेराच्या लढाईनंतर किताब द्यायचा ठरला तेव्हा आर्थर स्पेनमध्ये होता. किताबासाठी गाव निवडलं विल्यमनं. वेलिंग्टनही सॉमरसेटमध्येच आहे, पण गाव निराळं, व्युत्पत्तीही निराळी. कानाला वेलस्लीच्या जवळचं वाटतं, एवढ्यावर निवडलेलं नाव.

— मराठी लिहिणाऱ्यांसाठी: नुसतं ‘वेलस्ली’ लिहू नका, दोन भावांची सरमिसळ होते. वसईच्या तहाच्या वेळचा (३१ डिसेंबर १८०२) गव्हर्नर जनरल तो रिचर्ड. अहमदनगरचा किल्ला, असई, अडगाव, गाविलगड, तिथं सैन्य घेऊन होता तो आर्थर. १७९८-९९ च्या पत्रांतला ‘लॉर्ड मॉर्निंग्टन’ हाही रिचर्डच. ‘मार्क्विस वेलस्ली’ तो १७९९ च्या अखेरीस झाला. तेव्हा पहिलं नाव नाहीतर हुद्दा, काहीतरी एक लावाच.

— आणि उच्चार? ‘वेलेस्ली’ बरोबर का?

— दुसरा ‘ए’ उच्चारातून गेलेला आहे, त्यामुळे ‘वेलेस्ली’ नको. मधला ‘स’ इंग्रजांच्या तोंडी ‘जर’मधल्या ‘ज’कडे झुकतो, म्हणजे ‘वेल्झ्ली’. पण मराठी पुस्तकांत ‘वेलस्ली’ रुळलंय, तेच ठेवावं. ‘वेस्ली’ मे १७९८ आधीच्या आर्थरपुरतं.