मुलीचा बाप्तिस्मा आहे, माझा झालेला नाही. मी काय करू?

नवा_बाबा:
नमस्कार. आम्ही ओहायोत राहतो. बायको एपिस्कोपल चर्चमध्ये (अँग्लिकन परंपरेचं अमेरिकेतलं चर्च) वाढलेली, मी हिंदू घरातला. सात महिन्यांच्या लेकीचा बाप्तिस्मा सर्वसंत दिनानंतरच्या (१ नोव्हेंबर) रविवारी ठरलाय. मला तिथे मनापासून असायचंय, पण मनात नसलेलं वचन तोंडाने द्यायचं नाही. गेल्या रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, सगळे उठून पुढे गेले. शेजारच्या आजींनी मला वाट द्यायला पाय आत घेतले आणि मी गीतपुस्तक उघडून तसाच बसून राहिलो. पुढे जायला हवं होतं का? आणि बाप्तिस्म्यात बापाला काय बोलावं लागतं?

वेदीसेवा_ताई:
दादा, मी मराठी ख्रिस्ती घरातली. इथल्या पॅरिशमध्ये (स्थानिक मंडळीत) अकरा वर्षं ऑल्टर गिल्डमध्ये आहे, म्हणजे वेदीची मांडणी, कापडं, भांडी माझ्याकडे.

पुढे जरूर जा. भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी, असा चर्चचा नियम आहे. म्हणून ते न घेता तुम्ही वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेका आणि दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरा. पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील. लेक कडेवर असेल तर एकच हात छातीवर ठेवा, त्यांना कळतं.

बाप्तिस्म्याचा विधी १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात पान २९९ पासून आहे, बायकोबरोबर आधी वाचून घ्या. मूल आणणाऱ्यांना पहिल्यांदा विचारतात, हिला ख्रिस्ती श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी घ्याल का, प्रार्थनेने आणि वागणुकीने तिला साथ द्याल का. मग सहा प्रश्न येतात. तीन सैतान, दुष्ट शक्ती आणि पापी वासना नाकारण्याचे, तीन ख्रिस्ताकडे वळण्याचे. ही उत्तरं मुलीच्या वतीने असतात. बायको आणि गॉडपेरेंट्स (मुलीचे धर्मपालक) ती देतील, तुम्ही शेजारी उभे राहा. गॉडपेरेंट मात्र बाप्तिस्मा झालेलाच लागतो. पाळकांना हे सगळं आधीच सांगा, तयारीची भेट त्यासाठीच असते.

पाणी तीनदा ओततात. आमच्याकडे मी ते आयत्या वेळी कोमट करून आणते, बाळ दचकत नाही. मग बिशपांनी पवित्र केलेल्या तेलाने कपाळावर क्रूस काढतात.

तुम्हाला जवळचं वाटेल असं एक सांगते. अर्पण झालेला द्राक्षारस उरला तर आम्ही सिंकमध्ये ओतत नाही. तो पिऊन संपवतात, नाहीतर वेगळ्या कुंडात सोडतात. त्या कुंडाची नळी गटाराला न जोडता थेट मातीत उतरवलेली असते. निर्माल्य आपण कुठेही टाकत नाही, तसंच.

माझा दीर त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मागच्या बाकावर बसून राहिला. एकाही फोटोत तो नाही. अजून बोलतो त्याबद्दल. तुम्ही तसं करू नका.

शिरीष_फूल:
ताई, माझं दृढीकरण (बाप्तिस्म्यातली वचनं मोठेपणी स्वतः पक्की करण्याचा विधी) सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, झालंय. इथे परत करावं लागेल?

वेदीसेवा_ताई:
नाही गं. सीएनआय १९७० साली स्थापन झाली, तीही अँग्लिकन कुटुंबातलीच. आपल्या मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र मागवून इथल्या पाळकांना दे. आणि बाप्तिस्मा तर कुठल्याच परिस्थितीत दुसऱ्यांदा देत नाहीत.

नवा_बाबा:
ताई, काल पाळकबाईंना भेटलो. सहा प्रश्नांना मी गप्प राहिलेलं चालेल म्हणाल्या. पण त्यानंतर त्या सगळ्या जमलेल्यांना विचारतात, या बाळाला ख्रिस्तातल्या जीवनात होईल तेवढा आधार द्याल का. तिथे सगळे 'देऊ' म्हणतात. ते मी म्हणू शकतो, मोठ्याने म्हणणार आहे. आणि टॉवेल माझ्या हातात देणार आहेत.