महिना १३०० किमी रनिंग: जुनी बीएस-४ डिझेल, नवी बीएस-६ डिझेल, की पेट्रोलच?

खंबाटकी_पार

रनिंग असं आहे: पुण्यात कोथरूड ते शिवाजीनगर रोज जाऊन-येऊन १६ किमी, तेही सिग्नल टू सिग्नल. शिवाय महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर, एका बाजूचं साधारण २३० किमी. सगळं धरून महिना १२७० किमी. गाडी १० वर्षं ठेवायची आहे. समोर तीन पर्याय आहेत: २०१८ची बीएस-४ (जुन्या धूर-नियमांची) स्विफ्ट डिझेल, ९५ हजार किमी झालेली, नवी बीएस-६ (आताच्या कडक धूर-नियमांची) कॉम्पॅक्ट एसयूव्ही डिझेलमध्ये, किंवा तीच एसयूव्ही पेट्रोलमध्ये.

डिझेलचे जास्तीचे पैसे या रनिंगला वसूल होतात का? बीएस-६च्या डीपीएफचा (काजळीच्या फिल्टरचा) त्रास कितपत खरा? आणि जुनी घ्यायची तर नेमकं काय तपासायचं?

आकडेमोड

आधी नव्या गाडीचा हिशोब. पेट्रोल गाडी एक्स-शोरूम ११ लाख, डिझेल १२.२५ लाख धरू. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या टप्प्यात वाहनकर पेट्रोलला १२ टक्के, डिझेलला १४ टक्के. म्हणजे कर अनुक्रमे १,३२,००० आणि १,७१,५००. शोरूमवाले फरक सव्वा लाख सांगतात, पण रस्त्यावर येईपर्यंत तो १,६४,५०० होतो. बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो.

पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १४ धरलं तर किमीला ७.४३ रुपये. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज १९ धरलं तर ४.७४. फरक २.६९. डिझेलची सर्व्हिस थोडी महाग (फिल्टर, ऑइल), त्यासाठी किमीला ३५ पैसे वजा करा. उरले २.३४ रुपये. १,६४,५०० भागिले २.३४, म्हणजे सुमारे ७० हजार किमी. तुमच्या रनिंगला साडेचार वर्षांहून थोडं जास्त. १० वर्षांत दीड लाख किमी होतील, त्यातले नंतरचे ८२ हजार किमी निव्वळ फायद्याचे, म्हणजे अंदाजे १.९ लाख. त्यातूनच कधीतरी क्लच, टर्बो किंवा नोझलचा (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचा) एखादा मोठा खर्च भागवावा लागेल. परवडतं, पण काठावर.

तुमच्या पंपावरचे भाव घालून एकदा पुन्हा करा. पेट्रोल-डिझेलच्या भावातलं अंतर ५ रुपयांनी कमी झालं तरी वसुली सात ते दहा महिने पुढे सरकते.

नोझल_आणि_पंप

हिशोब बरोबर आहे, पण त्यात गाडी कशी चालते हे येत नाही. डिझेल घेताना महिन्याला किती किमी यापेक्षा एका वेळी सलग किती किमी हे जास्त महत्त्वाचं. महिना ८०० किमी पण सगळं हायवेवर, अशा माणसाला बीएस-६ डिझेल चालेल. महिना १५०० किमी पण ८-८ किमीच्या तुकड्यांत, त्याला ती त्रास देईल.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधला जाळीचा फिल्टर. काजळी त्यात साठते आणि ठराविक साठली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ती जाळतो. जाळायला फिल्टरच्या आत साधारण ५५० ते ६५० अंश लागतात. तेवढी उष्णता आणण्यासाठी पॉवर स्ट्रोकच्या अखेरीस थोडं जादा डिझेल फवारलं जातं. हे १५-२० मिनिटं सलग चालावं लागतं. कोथरूडहून निघून २५ मिनिटांत इंजिन बंद केलं, तर बऱ्याचदा अर्ध्यातच थांबतं. असं वारंवार झालं की दोन गोष्टी होतात. काजळी वाढत जाते. आणि उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, पट्टीवरची पातळी मात्र वर चढते. ऑइल वाढलंय म्हणून खूश होऊ नका. पातळी मॅक्सच्या वर गेली की किमी कितीही झालेले असोत, ऑइल आणि फिल्टर बदला. बेअरिंग आणि टर्बो दोन्ही त्याच ऑइलवर जगतात.

रिजनरेशन (हे काजळी जाळणं) चालू आहे हे ओळखायला शिका: आयडल ८०० वरून हजाराच्या आसपास जातो, तात्कालिक ॲव्हरेज अचानक पडतं, ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, थांबल्यावर पंखा जोरात फिरत राहतो, गरम वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर बंद करू नका, आणखी १० मिनिटं फिरवा. डीपीएफचा दिवा लागलाच तर ६० ते ८०च्या वेगाने, एक गिअर खालचा ठेवून, २००० आरपीएमच्या वर २० मिनिटं चालवा. दिवा लुकलुकायला लागला किंवा गाडी लोड घेईनाशी झाली, तर सर्व्हिस सेंटरला स्कॅनरने फोर्स्ड रिजनरेशन करून घ्या. वाळलेल्या गवतावर उभी करून हे करू देऊ नका, सायलेन्सर प्रचंड तापतो.

आता तुमचं रनिंग. महिन्यातून दोन कोल्हापूर फेऱ्या म्हणजे चार वेळा सलग साडेतीन-चार तास. फिल्टर साफ व्हायला हे पुरेसं आहे. पण एखाद्या महिन्यात कोल्हापूर रद्द झालं, तर रविवारी सकाळी साताऱ्याकडे अर्धा-पाऊण तास जाऊन यायची तयारी हवी.

ऑइलबद्दल एक. काजळी जळते, राख जळत नाही. ती ऑइलमधल्या धातुयुक्त ॲडिटिव्हमधून येते आणि डीपीएफमध्ये कायमची बसते. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचं ऑइलच टाका, बहुतेक ठिकाणी एसीईए (ऑइलचा युरोपीय दर्जा) सी२ किंवा सी३. बाहेरच्या गॅरेजला ट्रकचं १५डब्ल्यू-४० समोर असतं म्हणून तेच ओततात. बीएस-४ला त्याने लगेच काही होणार नाही, पण डीपीएफचं आयुष्य मात्र घटतं.

खंबाटकी_पार

हे नीट कळलं. दोन उपप्रश्न. एका गॅरेजमध्ये 'डीपीएफ काढून रिमॅप करून देतो, कटकट मिटेल' (म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून) असं सांगितलं. आणि डीईएफ प्रत्येक बीएस-६ डिझेलला लागतं का?

नोझल_आणि_पंप

काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या रचनेत असा बदल करता येत नाही. वॉरंटी जाते, विम्याच्या दाव्यात प्रश्न येतो, आणि बीएस-६ची धुराची मर्यादा इतकी कडक आहे की पीयूसीला अडकू शकता. शिवाय ती काजळी कुणाच्या तरी फुप्फुसातच जाते.

डीईएफ सगळ्यांना लागत नाही. गाडी बुक करण्याआधी टाकीच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे का पाहा. डीईएफ म्हणजे धूर साफ करण्यासाठीचं, ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध पाण्यातलं द्रावण. हजार किमीला साधारण १ ते २ लिटर लागतं. पूर्ण संपलं तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, म्हणून पहिल्या इशाऱ्यालाच भरा. सीलबंद कॅन घ्या, उत्पादनाची तारीख बघा, उन्हाळ्यात डिकीत साठवू नका. उष्णतेने ते खराब होतं. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर इग्निशनसुद्धा लावू नका, थेट टाकी रिकामी करायची.

ऑइलपट्टी

जुन्या स्विफ्टबद्दल लिहितो. ते १२४८ सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं मल्टिजेट. २०१८च्या स्विफ्टमध्ये ७५ पीएसचं, साध्या टर्बोचं रूप आहे, डीपीएफ नाही. तुमच्या रोजच्या १६ किमीला ही मोठी सोय. एआरएआयचा (चाचणी संस्थेचा) ॲव्हरेजचा आकडा २८.४ आहे, तो विसरा. मिश्र रनिंगला २० ते २२ धरा. एप्रिल २०२०ला मारुतीने डिझेल बंद केलं, तरी हे इंजिन इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक मिळतात.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, गाडी सकाळपासून सुरू करू नका. बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे याची खात्री करा. मग:

ऑइलची पट्टी आणि झाकण बघा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, तो दोष नाही. पण झाकणाखाली घट्ट चिखल असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. या इंजिनला टायमिंग चेन आहे, आणि उशिरा ऑइल बदललं की तीच आधी सैल पडते. गार स्टार्टला पहिली काही सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला आणि गेला नाही, तर तो चेन किटचा खर्च आहे. किंमत त्याप्रमाणे पाडा.

स्टार्ट करा. निरोगी इंजिन एक-दोन सेकंदांत घेतं. बराच वेळ सेल्फ मारावा लागला तर ग्लो प्लग (गार इंजिन तापवणारा), लाइनमध्ये हवा, किंवा नोझलची रिटर्न गळती (नोझलमधून जास्त डिझेल परत जाणं). गार असताना पांढरा धूर येऊन मिनिटात गेला तर बहुधा ग्लो प्लग. गरम झाल्यावरही पांढरा आणि कुलंट कमी होतंय, तर हेड गॅसकेटची शंका. निळा म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचं सील किंवा रिंगा. पिकअपला काळा ढग म्हणजे हवा कमी पडतेय: एअर फिल्टर, फाटलेला इंटरकूलर होज, किंवा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह).

गरम इंजिन आयडलला असताना ऑइलचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. वाफेच्या जोराने उडालं किंवा धुराचा लोट आला, तर बॅक कंप्रेशन आहे (झिजलेल्या रिंगांमधून दाब खाली उतरतोय), तिथून निघा.

नोझलच्या बुंध्याशी डांबरासारखा काळा थर आणि चफ्-चफ् आवाज असेल तर तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर स्वस्त आहे, पण वर्षभर दुर्लक्ष झालं असेल तर नोझल बाहेर काढणंच अवघड होतं.

शेवटी स्कॅनर. साध्या ब्लूटूथ डोंगलवर बिघाडाचे कोड दिसतील, नोझल करेक्शन (ईसीयू प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त देतोय तो आकडा) दिसेलच असं नाही. गॅरेजचा चांगला स्कॅनर लावा. गरम आयडलला रेल प्रेशर (नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) २५० ते ३५० बारच्या दरम्यान स्थिर हवं, करेक्शन शून्याच्या दीडेक आत.

पीयूसीचा ताजा कागदही मागा. बीएस-४ डिझेलला धुराच्या काळेपणाची मर्यादा १.६२ आहे. आकडा तिला चिकटलेला असेल तर कारण शोधा.

दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या इथे स्वस्तात विकायला येतात. त्यात एनओसी, इथला कर आणि पुन्हा नोंदणीचा खर्च मिळवा, मग स्वस्त आहे का ते ठरवा. एमएच पासिंगच्या २०१८च्या गाडीची नोंदणी २०३३पर्यंत आहे. पुढे फिटनेस तपासणी आणि हरित कर भरून पाच-पाच वर्षं वाढते.

आकडेमोड

चालवण्याबद्दल एवढंच: खंबाटकीसारखा घाट चढताना सांभाळा. तिथे चौथ्यात १३०० आरपीएमवर गाडी ओढत नेऊ नका. ॲव्हरेज वाचत नाही, उलट काजळी वाढते. तिसऱ्यात १८००-२००० ठेवा. चढून लगेच ढाब्यावर थांबलात तर मिनिटभर आयडल द्या, टर्बो प्रचंड तापलेला असतो आणि ऑइल थांबलं तर तिथेच जळून कोळसा होतं.

डिझेल फिल्टर २० हजार किमीला बदला, पावसाळ्याआधी त्यातलं पाणी सोडा. हाय प्रेशर पंपाला वंगण फक्त डिझेलचंच असतं. पाणी किंवा भेसळ गेली की पंप झिजतो आणि त्याचा धातूचा चुरा रेल, नोझल, टाकी सगळीकडे पोहोचतो.

खंबाटकी_पार

काल स्विफ्ट बघितली. गार स्टार्ट लगेच झाला, खडखड नाही, झाकण शांत. रेल प्रेशर २९०. करेक्शन: पहिला -१.०, दुसरा -०.७, तिसरा +२.९, चौथा -१.२. पीयूसी ०.९. घ्यावी का?

ऑइलपट्टी

बाकी सगळं चांगलं आहे. +२.९ म्हणजे तिसरा सिलिंडर अशक्त पडतोय आणि ईसीयू त्याला जादा डिझेल देतोय. दोष नोझलचा की कंप्रेशनचा, एवढंच शोधायचं.

आधी रिटर्न गळती: चारही नोझलच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून वेगवेगळ्या बाटल्यांत सोडा, तीन मिनिटं आयडल, मग पातळी बघा. तिसरी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर नोझल गेलं. चारही सारख्या असतील तर तिसरं नोझल पहिल्या जागी टाका, पहिलं तिसऱ्या जागी. दोन्हींचे कोड स्कॅनरने पुन्हा लिहा, तांब्याचे वॉशर नवे टाका. करेक्शन पहिल्या सिलिंडरला सरकलं तर नोझल. तिसऱ्यातच राहिलं तर कंप्रेशन किंवा व्हॉल्व्ह, मग ही गाडी सोडा.

नोझल निघालं तर एका नव्या नोझलचे आणि मजुरीचे पैसे किंमतीतून कापून घ्या आणि गाडी घ्या. रिपेअर केलेलं बसवणार असाल तर टेस्ट बेंचचा छापील रिपोर्ट मागितल्याशिवाय बसवू देऊ नका.