मदत हवी आहे: मान वळवताना माझी आजी दुसरीच बाई होते

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची. हातानं काढलेली दीड मिनिटाची ॲनिमेशन फिल्म करते आहे. सेकंदाला १२ चित्रं, प्रत्येक चित्र दोन फ्रेम. नऊवारीतली आजी पाटावर बसून शेंगा सोलतेय, बाजूनं मांजर येतं, ती मान वळवून बघते. एवढंच. पण या एका वळण्यावर तीन आठवडे अडकले आहे.

समोरून, थ्री-क्वार्टर (अर्धवट वळलेली), बाजूनं आणि मागून अशी मॉडेल शीट, म्हणजे आजीच्या नमुना चित्रांचा तक्ता, तयार आहे. डोळे, नाक, हनुवटी सगळ्या चित्रांत एकाच उंचीवर आहेत. सुटं चित्र बघितलं तर आजीच. चालवून बघितलं की चेहरा आधी अडखळतो, मग झटक्यात वळतो आणि डोकं फुगतं.

अडखळण्याचं कारण सापडलं. गणपतीनंतर उरलेल्या शाडूचं लिंबाएवढं डोकं केलं, त्यावर काजळानं मधली रेषा ओढली आणि ते थोडंथोडं फिरवत काढलं. ४५ अंश वळेपर्यंत नाकाचा शेंडा समोरून पूर्ण बाजूपर्यंतच्या (९० अंश) आडव्या अंतरापैकी सुमारे ७० टक्के पुढे गेलेला असतो. मी मधल्या चित्रात त्याला बरोबर निम्म्यावर ठेवत होते, म्हणजे आजी तेव्हा ३० अंशच वळलेली. उरलेले ६० अंश तेवढ्याच चित्रांत!

डोक्याचं मात्र सुटत नाही. बाजूनं कवटी समोरच्यापेक्षा रुंद दिसते हे कळतं, पण ती रुंदी कुठल्या चित्रापासून वाढवत न्यायची? त्यात अंबाडा. समोरून तो दिसतच नाही, मग नाकाच्या उलट दिशेनं बाहेर येतो. पहिल्यांदा डोकावताना त्याचा केवढा भाग दाखवता?

आणि नथ. ती डाव्या नाकपुडीत, पदर डाव्या खांद्यावर, त्यामुळे एका बाजूचं चित्र उलटं करून दुसरीकडे वापरता येत नाही. उजवीकडून बघताना नथेची कड नाकापलीकडे दाखवायची का?

कमाटीबागेजवळच्या ‘काळा घोडा’ पुतळ्याला फेऱ्या मारून आठ बाजूंनी स्केचेस केली. ती जमतात, कारण घोडा डोळ्यांसमोर असतो. आजी मनात फिरवावी लागते. ती खाली मान घालून शेंगांकडे बघते तेव्हा तर कपाळ किती वाढवायचं आणि हनुवटी किती झाकायची याचा काहीच अंदाज येत नाही.

ज्यांनी हे हातानं केलंय त्यांनी कृपया सांगा, आधी डब्यासारखे ढोबळ आकार फिरवून मग नाकडोळे बसवता की थेट चेहराच काढता? कच्च्या रेघोट्यांचे फोटो टाकलेत तरी चालतील, खरं तर तेच जास्त हवे आहेत.