लूत लागलेल्या भटक्या कुत्रीला औषध कसे द्यावे, आणि तिच्या सोबतच्या कुत्र्यांचे काय करावे?

निशिगंध (प्रश्न)

आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत चार भटकी कुत्री राहतात. त्यांतल्या तांबड्या मादीचे केस गेल्या दीड महिन्यात झपाट्याने झडले आहेत. आधी कानांच्या कडा उघड्या पडल्या, मग कोपरे, मग पोट. आता पाठीचा मधला पट्टा सोडला तर सगळीकडे राखाडी, जाड, सुरकुतलेली कातडी दिसते आणि कानांच्या कडांवर पिवळट खपल्यांचा थर साचला आहे. ती पाच मिनिटेही स्वस्थ बसत नाही. खाण्याच्या भांड्यात तोंड असतानाही मध्येच थांबून मागच्या पायाने कान खाजवते, आणि रात्री खाजवताना तिचा पाय फरशीवर आपटल्याचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत ऐकू येतो. तिच्यासोबत झोपणारे दोन नरही आता खाजवू लागले आहेत. चौथी मादी नुकतीच व्यालेली असून तिची तीन पिल्ले साधारण पाच आठवड्यांची आहेत.

तांबडी माझ्या हातातून खाते, पण तिला उचलून कुठे नेणे सध्या तरी शक्य नाही. एका शेजाऱ्यांनी गाडीचे वापरलेले इंजिन ऑइल चोपडायला सांगितले आहे. दुसऱ्या एकांनी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली आणि 'रोज एक घाल' असे सांगितले. मी अजून दोन्हींपैकी काहीही केलेले नाही. माझ्या दोन्ही हातांवर, कोपराच्या खाली, चार दिवसांपासून बारीक लाल पुरळ उठले आहे आणि त्याला खाज सुटते. ही लूतच आहे का, ती न पकडता औषध देता येईल का, आणि बाकीच्या कुत्र्यांना व पिल्लांना काय द्यावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

पायवाट

आधी इंजिन ऑइलबद्दल, कारण ते आजच कोणीतरी तुमच्या नकळत लावून टाकील अशी मला भीती वाटते. वापरलेल्या ऑइलमध्ये जड धातू आणि इतर विषारी द्रव्ये असतात. कुत्रे अंग चाटते तेव्हा ते पोटात जाते, आणि सोललेल्या कातडीतूनही शरीरात शिरते. लूत हा सूक्ष्म किडीचा रोग आहे, आणि खरजेची कीड तर कातडीत बोगदे करून राहते. वरून चोपडलेले तेल तिथवर पोचत नाही. ऑइलने माखलेले कुत्रे काही दिवस कमी खाजवते, म्हणून लोकांना गुण आल्यासारखे वाटते, पण तेवढ्या दिवसांत त्याची भूक मेलेली असते आणि कातडी भाजल्यासारखी झालेली असते. रॉकेल आणि फिनेल यांनाही हेच लागू आहे. शेजाऱ्यांशी भांडू नका, मात्र 'औषध सुरू केले आहे, आता वरून काही लावल्यास विषबाधा होईल' असे स्पष्ट सांगून ठेवा.

तुमच्या वर्णनावरून ही खरजेची लूत असावी असे मला वाटते. कानाची कड, कोपर, पोट अशी सुरुवात, न थांबणारी खाज, सोबतच्या कुत्र्यांना झालेली लागण आणि तुमच्या हातांवरचे पुरळ, हे सगळे एकाच दिशेला बोट दाखवते. ती हात लावू देत असेल तर हातमोजा घालून तिच्या कानाची कड दोन बोटांत धरा आणि हलकेच चोळा. खरूज असलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा त्या बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो. ही खात्रीची परीक्षा नव्हे, पण पशुवैद्यांना सांगण्यासारखी खूण नक्की आहे.

तिला नेता येत नसेल तर तिची माहिती पशुवैद्यांकडे न्या. उजेडात कान, कोपर, पोट आणि चेहरा यांचे जवळून फोटो काढा, ती खाजवतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, आणि एक फोटो असा घ्या की तिच्या शेजारी एखादी ठरावीक उंचीची वस्तू, उदाहरणार्थ बादली, दिसेल. त्यावरून वजनाचा अंदाज बांधता येतो, आणि औषधाची मात्रा वजनावरच ठरते.

खूर-पंजा (पशुवैद्य)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. काही गोष्टी जोडतो.

कुत्र्यांत लुतीचे दोन मुख्य प्रकार आढळतात आणि त्यांतला फरक व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. सार्कोप्टिस या किडीची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणून अंडी घालते, अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या किडीपर्यंतचे चक्र साधारण २ ते ३ आठवड्यांत पुरे होते, आणि ही लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे सहज पसरते. डेमोडेक्स ही कीड मात्र केसांच्या मुळांशी राहते, आईकडून पिल्लाकडे जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जाते, आणि निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही अल्प संख्येने असतेच. प्रतिकारशक्ती ढासळली की तिची संख्या बेसुमार वाढते. तिच्यात सुरुवातीला खाज कमी असते आणि ती एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पिल्लाच्या तोंडावर एक-दोनच चट्टे असतील तर ते बहुतेक वेळा आपोआप बरे होतात. प्रौढ कुत्र्याच्या अंगभर ती पसरली असेल तर मात्र आत दुसरा आजार आहे का, हे पाहावे लागते.

कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही नेहमीची तपासणी. डेमोडेक्स त्यात सहसा सापडतो. सार्कोप्टिस मात्र खरूज असूनही निम्म्याहून अधिक वेळा सापडत नाही, त्यामुळे 'रिपोर्टमध्ये काही नाही' एवढ्यावरून उपचार थांबवू नयेत. लक्षणे जुळत असतील तर आम्ही औषध देऊन गुण येतो का हे पाहतो. एक सावधगिरी: खाज थांबावी म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यायला सांगणारे भेटतात. खाज थांबेल, पण कीड मरणार नाही, आणि डेमोडेक्स असेल तर रोग भडकेल.

भटक्या कुत्र्यांसाठी सध्या सर्वांत सोयीचे औषध म्हणजे आयसोक्साझोलिन गटातील चघळण्याची गोळी. फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर ही त्यातली नावे. ती दोन्ही किडींवर चालतात, म्हणजे निदानात थोडी शंका राहिली तरी वेळ वाया जात नाही. फ्लुरालानरचा परिणाम सुमारे १२ आठवडे टिकतो, बाकीच्या गोळ्या महिन्याने पुन्हा द्याव्या लागतात. रोज पकडता न येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय १० ते २० किलोंसाठी फ्लुरालानरची एकच गोळी असते, त्यामुळे वजनाच्या अंदाजात दोन किलोंची चूक सहसा निभावते. फिट येणाऱ्या कुत्र्याला ही औषधे देताना मात्र पशुवैद्यांना ते आधी सांगायलाच हवे.

व्यालेल्या मादीला फ्लुरालानर देता येते. पिल्लांना ८ आठवडे पूर्ण होईपर्यंत आणि वजन २ किलो होईपर्यंत ही गोळी देऊ नये. त्यांना खाज असेल तर खांद्यांच्या मध्ये कातडीवर थेंब टाकण्याचे सेलामेक्टिन ६ आठवड्यांपासून वापरता येते. म्हणजे तुम्हाला एखादा आठवडाच थांबायचे आहे.

जुनी ओसरी

आयव्हरमेक्टिनच्या त्या पट्टीविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका लूतभरल्या कुत्र्याला कोणाच्या तरी सांगण्यावरून जनावरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे द्रावण खाण्यातून दिले. वजन केले नव्हते. सिरिंजवरची रेघही चष्म्याशिवाय वाचली होती. सहा-सात तासांनी तो भिंतीला धडकू लागला. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण पसरल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती, आणि मी हाक मारली तेव्हा त्याने मान आवाजाच्या विरुद्ध दिशेला वळवली. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही. दवाखान्यात पाच दिवस सलाइन आणि देखभाल मिळाली म्हणून तो वाचला. या औषधावर उतारा नाही. ते शरीराबाहेर पडेपर्यंत जनावराला जगवत राहणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

नंतर पशुवैद्यांनी मला हिशेब समजावून सांगितला. त्या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. लुतीसाठी ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो ही मात्रा धरली तर १० किलोच्या कुत्र्याला फक्त ०.२ मिलिलिटर लागते. म्हणजे सिरिंजवर दोन बारीक रेघा इकडेतिकडे झाल्या की मात्रा दुप्पट होते. शिवाय कोली आणि त्या वंशातल्या कुत्र्यांमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरते, आणि भटक्या कुत्र्याच्या अंगात कोणाकोणाचे रक्त आहे हे आपण पाहून सांगू शकत नाही. औषध वाईट नाही. पशुवैद्य ते मोजून, ठरावीक अंतराने देतात आणि त्याने असंख्य कुत्री बरी झाली आहेत. पण 'रोज एक घाल' या सल्ल्यावर ते कृपा करून देऊ नका.

पायवाट

गोळी देण्याची माझी पद्धत सांगतो. मऊ खाण्याचे तीन घास करायचे. पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात जाताच तिसरा नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळला जातो. हे भरपेट खाण्याच्या सुरुवातीला करावे, कारण फ्लुरालानर अन्नासोबत अधिक चांगले शोषले जाते. इतर कुत्र्यांना त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी दूर गुंतवून ठेवावे, नाहीतर एकच कुत्रा दोन गोळ्या खाऊन जातो. त्यानंतर दहा मिनिटे थांबून ती गोळी बाहेर टाकत नाही ना हे पाहावे.

सगळ्यांना एकाच दिवशी द्या, खाज दिसत नसली तरी. एकट्या तांबडीला दिलीत तर बाकीच्यांच्या अंगावर कीड तशीच राहते. त्यांची पोती आणि चिंध्या फेकून द्या किंवा कडक गरम पाण्यात धुवा. कुत्र्याच्या अंगाबाहेर ही कीड एरवी काही दिवसच जगते, पण गार, ओलसर जागी ३ आठवड्यांपर्यंत तग धरू शकते.

तिच्या अंगाला घाण वास येत असेल किंवा पू दिसत असेल तर जिवाणूंचा संसर्ग झालेला असतो आणि त्यासाठी प्रतिजैविकाची वेगळी गोळी लागते. हे मी सुरुवातीची दोन वर्षे दुर्लक्षित केले, आणि कीड मरूनही कुत्री बरी का होत नाहीत याचे कोडे पडत असे.

खूर-पंजा (पशुवैद्य)

तुमच्या पुरळाविषयी: कुत्र्याची ही कीड माणसाच्या कातडीत शिरते, पण तिचे जीवनचक्र तिथे पूर्ण होत नाही. कुत्री बरी झाली की पुरळही साधारण २-३ आठवड्यांत ओसरते. तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि कुत्र्यांचा संपर्क सांगा. तांबडीला हाताळताना लांब बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घाला, घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा. भटक्या कुत्र्यांसोबत नेहमी वावर असेल तर रेबीजची आगाऊ लस आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा, लस आधी घेतलेली असली तरीही.

गोळीनंतर पहिले काही दिवस खाज वाढल्यासारखी वाटू शकते. घाबरून दुसरी गोळी देऊ नका.

निशिगंध

सात आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. पशुवैद्यांनी फोटो आणि व्हिडिओ पाहून खरूजच सांगितली, वजनाचा अंदाज १४ किलो धरला, आणि चारही कुत्र्यांना एकाच सकाळी फ्लुरालानर दिले. तांबडीने पहिल्या खेपेला गोळी जिभेने बाजूला काढून जमिनीवर ठेवली. दुसऱ्या खेपेला तीन घासांची युक्ती लागू पडली. तिला प्रतिजैविकाचा कोर्सही द्यावा लागला. पिल्लांना सहा आठवडे पुरे झाल्यावर थेंब टाकले.

चौथ्या दिवसापर्यंत खाज वाढलीच होती आणि मला फार धास्ती वाटली, पण दहाव्या दिवसापासून रात्रीचा तो आवाज बंद झाला. माझे पुरळही गेले. आता तिच्या कोपरांवर आणि पोटावर मखमलीसारखे बारीक केस आले आहेत, पाठीपेक्षा थोडे गडद रंगाचे. काल हातमोजा घालून तिच्या कानाची कड चोळून पाहिली. तिने डोळे मिटले आणि मागचा पाय जागचा हलला नाही. आणखी पाच आठवड्यांनी गोळीचा परिणाम संपेल, तेव्हा सगळ्यांना दुसरी गोळी द्यायची आहे, आणि त्याच सुमारास दोन्ही माद्यांच्या नसबंदीची व रेबीजच्या लसीची वेळ घेतली आहे.