मदत हवी आहे: चालकांच्या गुणांची बेरीज संघाच्या गुणांशी का जुळत नाही?

आकडेमोड:
फॉर्म्युला वनच्या एका हंगामाचा तक्ता मी तयार करत आहे. संघाच्या दोन्ही चालकांचे गुण एकत्र केले की कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिपमधील (संघांच्या अजिंक्यपदातील) त्या संघाचे गुण मिळायला हवेत, एवढे साधे गणित आहे. बाकी सर्व संघांचे ते जमते. दोन संघांचे मात्र काही केल्या जमत नाही. एकाची बेरीज अधिकृत आकड्यापेक्षा कमी येते आणि दुसऱ्याची जास्त. आकडे पुन्हा पुन्हा तपासले आहेत, त्यामुळे ‘बेरीज नीट करा’ हा सल्ला कृपया देऊ नये. तक्ता उद्या एका प्रश्नमंजूषेसाठी द्यायचा आहे, तेव्हा लवकर उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

जुना प्रेक्षक:
हंगाम कोणता, हे आपण लिहिलेलेच नाही. हे अजिंक्यपद १९५८ साली सुरू झाले आणि पहिल्या वर्षी ते व्हॅनवॉलने जिंकले. तेव्हापासून १९७८पर्यंत प्रत्येक शर्यतीत एका उत्पादकाच्या सर्वांत पुढे आलेल्या गाडीचेच गुण धरले जात. दुसरी गाडी दुसऱ्या क्रमांकावर आली तरी तिचे गुण फक्त चालकाच्या खात्यात जमा होत. शिवाय इंजिन वेगळे असेल तर ओळही वेगळी असे. १९६३ साली लोटस-क्लायमॅक्स (म्हणजे क्लायमॅक्स इंजिनाची लोटस गाडी) विजेते ठरले, पण लोटस-बीआरएमचे गुण त्यांत मिळवले गेले नाहीत. आपला घोटाळा यातूनच झाला असणार.

वेगवेडा:
इतके मागे जाण्याची गरज नाही. सर्वांत जलद फेरीचा गुण हेच कारण असणार. २०१९ ते २०२४ या काळात तो एक गुण दिला जात होता आणि २०२५पासून तो बंद झाला. तो बेरजेतून हमखास सुटतो.

टीपकागद:
तो गुण चालकाला आणि संघाला दोघांनाही मिळत असे, त्यामुळे त्याने फरक पडण्याचे कारण नाही. ती फेरी मारणारा चालक पहिल्या दहांत नसेल तर तो कोणाच्याच खात्यात जात नसे. २०२४च्या सिंगापूर शर्यतीत आरबी संघाच्या रिकार्डोची फेरी सर्वांत जलद होती, पण तो बराच मागे राहिल्यामुळे तो गुण कोणालाच मिळाला नाही. जुना प्रेक्षक यांनी सांगितलेला नियम लागू असता तर केवळ दोन संघांचे नव्हे, जवळजवळ सगळ्यांचेच गणित बिघडले असते. आकडेमोड, आपण फक्त एवढे सांगावे की एका संघात जितके गुण कमी पडतात तितकेच दुसऱ्यात जास्त होतात का?

निळा झेंडा:
चालकांचे गुण आणि संघाचे गुण या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोक विसरतात. २००७ साली मॅक्लारेनच्या हॅमिल्टन आणि अलोन्सो यांचे प्रत्येकी १०९ गुण होते, म्हणजे दोघांचे मिळून २१८. पण फेरारीची गोपनीय माहिती बाळगल्याच्या प्रकरणात मॅक्लारेनला दहा कोटी डॉलरचा दंड झाला आणि संघ म्हणून त्यांचे सर्व गुण गेले. संघांचे अजिंक्यपद २०४ गुणांवर फेरारीला मिळाले. चालकांना हात न लावता केवळ संघाला शिक्षा करणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही, कारण त्याच गाडीच्या जोरावर त्या दोघांनी ते गुण मिळवले होते.

आकडेमोड:
मी २००७बद्दल विचारलेले नाही, आणि १९६३बद्दल तर नाहीच. टीपकागद, होय, दोन्हीकडे फरक सहाचाच आहे.

टीपकागद:
मग गुण हरवलेले नाहीत, ते चुकीच्या ओळीत बसले आहेत. हंगामाच्या मध्येच कोणीतरी संघ बदलला, आणि आपण त्याचे सगळे गुण एकाच संघाला दिले. फरक तीनचा असता तर मी २०२० म्हटले असते, कारण साखीर शर्यतीत विल्यम्सचा रसेल मर्सिडीजच्या गाडीत बसून तीन गुण मिळवून गेला. सहा म्हणजे २०२४, आणि आपले दोन संघ फेरारी आणि हास असावेत. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे फेरारीचा साइन्झ सौदी अरेबियाच्या शर्यतीत उतरू शकला नाही. त्याच्या जागी अठरा वर्षांचा ऑलिव्हर बेअरमन फेरारीतून धावला आणि सातवा आला, म्हणजे सहा गुण. पुढे हासच्या मॅग्नुसनवर एका शर्यतीची बंदी आली तेव्हा बाकूच्या शर्यतीत बेअरमन हासच्या गाडीत होता आणि तेथे दहाव्या स्थानाचा एक गुण त्याने मिळवला. चालकांच्या यादीत त्याचे सात गुण एकत्र दिसतात, पण संघाचा गुण गाडीमागे जातो, चालकामागे नाही.

आकडेमोड:
वर्ष २०२४च आहे आणि संघही तेच आहेत. लक्लेअरचे ३५६ आणि साइन्झचे २९० मिळून ६४६ होतात, आणि फेरारीचे अधिकृत गुण ६५२ आहेत. हासमध्ये हुल्केनबर्गचे ४१, मॅग्नुसनचे १६ आणि बेअरमनचे ७ मिळून ६४ येत होते, तर अधिकृत आकडा ५८ आहे. आता दोन्ही जुळले. पण मग आरबी संघातही चालक बदलला होता, तेथे अडचण का आली नाही?

टीपकागद:
कारण रिकार्डोने आपले बाराही गुण आरबीसाठीच मिळवले आणि लॉसनने चारही. त्सुनोदाचे ३० धरून ४६ होतात. विल्यम्समध्येही अल्बनचे १२ आणि कोलापिंतोचे ५ मिळून १७ बरोबर येतात. माणूस बदलला म्हणून बेरीज बिघडत नाही. ज्या संघाखाली त्याचे नाव आहे त्याखेरीज दुसऱ्या संघाच्या गाडीतून त्याने गुण मिळवले की बिघडते. तक्त्यात प्रत्येक शर्यतीला ‘कोणाची गाडी’ असा एक रकाना ठेवावा आणि संघाची बेरीज त्यावरूनच करावी. २०१९च्या हंगामावर ही रीत पडताळून पाहावी. त्या वर्षी रेड बुलचा गास्ली आणि तोरो रोसोचा अल्बन यांची हंगामाच्या मध्यावर अदलाबदल झाली: रेड बुलचे ४१७ गुण म्हणजे वर्स्टॅपनचे २७८, गास्लीचे तेथील ६३ आणि अल्बनचे तेथील ७६.

वेगवेडा:
इतका खटाटोप करण्यापेक्षा संघांची अधिकृत यादी जशीच्या तशी उतरवून घ्यावी.

जुना प्रेक्षक:
मग प्रश्नमंजूषेत कोणी ‘कसे?’ असे विचारले तर काय सांगणार? रकाना ठेवणेच योग्य आहे. आमच्या काळी रॉब वॉकर यांच्यासारखा खासगी संघ दुसऱ्याने बांधलेली गाडी धावडवीत असे आणि गुण गाडी बांधणाऱ्याच्या नावावर जात. म्हणूनच हे अजिंक्यपद मुळात संघाचे नाही, गाडी बांधणाऱ्याचे आहे, असे मी पहिल्यापासून सांगत आलो आहे.

आकडेमोड:
रकाना केला आणि २०१९ जुळले. त्याच रीतीने २०२०चा हंगामही घेतला. मर्सिडीजच्या नेहमीच्या दोन चालकांचे ३४७ व २२३ आणि रसेलचे ३ मिळून ५७३ बरोबर आले. पण रेसिंग पॉइंटचे पेरेझ १२५, स्ट्रोल ७५ आणि बदली म्हणून आलेला हुल्केनबर्ग १० मिळून २१० होतात, आणि अधिकृत आकडा १९५ दिसतो. येथे तर गुण मिळवलेल्या कोणीही दुसऱ्या संघाची गाडी चालवलेली नाही.

निळा झेंडा:
२००७चा विषय मी उगाच काढला नव्हता. रेसिंग पॉइंटच्या मागच्या ब्रेकच्या हवेच्या नळ्या मर्सिडीजच्या आराखड्यावरून घेतल्याचे ठरले, आणि संघाचे १५ गुण कापून चार लाख युरोंचा दंड करण्यात आला. चालकांचे गुण तसेच राहिले. मॅक्लारेन २०२ गुणांवर तिसरे आले. कपात झाली नसती तर ते स्थान रेसिंग पॉइंटचे होते. ‘कोणाची गाडी’च्या शेजारी ‘संघाची कपात’ असाही एक रकाना घालावा.