पत्र्याच्या गोदामात आवक नोंद दोनदा चढते : मोबाइल अ‍ॅप आणि सॅप यांच्या जोडणीविषयी प्रश्न

भांडार_चाकण :
नमस्कार. चाकणजवळच्या आमच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सॅप ईसीसी ६.० (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारी व्यवसाय-प्रणाली) वापरले जाते. ट्रकमधून उतरलेल्या मालाची आवक आजवर भांडारातील कारकून चलनावरून वहीत टिपून घेत आणि संध्याकाळी ‘मिगो’मध्ये, म्हणजे सॅपच्या माल-नोंदीच्या पडद्यावर, चढवत, त्यामुळे माल दारात उतरलेला असूनही उत्पादन विभागाला दिवसभर साठा शून्य दिसे. यावर उपाय म्हणून आम्ही एक छोटे अँड्रॉइड अ‍ॅप तयार केले, जे सॅप गेटवेच्या (बाहेरच्या अ‍ॅपना सॅपशी जोडणाऱ्या दुव्याच्या) ओडेटा सेवेमार्फत नोंद पाठवते. कार्यालयात ते निर्वेध चालले, परंतु गोदामात, जिथे वायफाय मधूनच जाते, तिथे पहिल्याच आठवड्यात काही चलने दोनदा चढली. बटण एकदा दाबल्यावर बंद करून पाहिले, तरी फरक पडला नाही. आता ‘अ‍ॅप सोडा, सरळ फिओरी (सॅपचे स्वतःचे ब्राउझरमधले पडदे) वापरा’ असा वरिष्ठांचा आग्रह आहे. काय करावे?

जुना_अबॅपवाला :
दोष बटणात नाही. तुमची विनंती सॅपपर्यंत पोहोचते, नोंद होते, मालाचा दस्तऐवज क्रमांकही तयार होतो. फक्त तो क्रमांक घेऊन परत येणारे उत्तर वाटेत हरवते. फोनच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते, म्हणून तो पुन्हा पाठवतो. वाहन उद्योगात पुरवठा बहुधा दीर्घ मुदतीच्या वेळापत्रकी करारावर चालतो आणि करारात पुढची मात्रा शिल्लक असते, त्यामुळे सॅपही दुसरी नोंद अडवत नाही.

यावर उपाय असा, की कारकुनाने चलन उघडताक्षणी फोनवरच एक अनन्य ओळखक्रमांक तयार करावा आणि ती नोंद कितीही वेळा पाठवली तरी तोच क्रमांक सोबत जावा. हा क्रमांक सॅपच्या संदर्भ रकान्यात ठेवण्याचा मोह होतो, पण तिथे जेमतेम १६ अक्षरे मावतात आणि नेहमीचा ओळखक्रमांक संयोगचिन्हांसह ३६ अक्षरांचा असतो. शिवाय तो रकाना पुरवठादाराच्या चलन क्रमांकासाठी हवाच असतो. म्हणून स्वतःचा ‘झेड’ तक्ता (सॅपमध्ये आपण स्वतः बनवलेला तक्ता) करा, ओळखक्रमांक ही त्याची किल्ली, म्हणजे दोनदा न येऊ शकणारा रकाना, ठेवा आणि सेवेत आधी त्या तक्त्यात ओळ घालून मगच मालाची बॅपी (नोंद करणारे सॅपचे तयार फंक्शन) बोलवा. दोन्हींचे कमिट (नोंद कायम होणे) एकत्रच व्हायला हवे आणि बॅपीने चूक परत केली तर दोन्ही मागे फिरायला हवेत. किल्ली आधीच सापडली तर नवी नोंद न करता जुना दस्तऐवज क्रमांक परत द्या. फोनला तेवढेच हवे असते.

घाईत कोणी तक्त्यांत थेट लिहिण्याचा सल्ला दिला तर ऐकू नका. एस/४हाना या सॅपच्या नव्या पिढीत मालाच्या हालचाली मॅटडॉक या एकाच तक्त्यात गेल्या आहेत आणि ईसीसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांची मुख्य देखभालही २०२७ अखेर संपत आहे, त्यामुळे पुढे तिकडे जाताना असे थेट लिखाण निरुपयोगी ठरेल.

फिओरी_मित्र :
वरिष्ठांना सांगावे, की फिओरी २०१३ पासून आहे आणि मंजुरी, रजा, अहवाल यांसाठी फार सोयीचे आहे. पण ब्राउझरमध्ये चालणारा पडदा नेटवर्क गेल्यावर नोंद जपून ठेवेलच असे नाही. तुमची अडचण फिओरीनेही तशीच राहील, फक्त पडदा देखणा होईल. एक बारीक गोष्ट : गेटवेला लिहिणारी विनंती पाठवण्यापूर्वी सीएसआरएफ टोकन (विनंती खरी असल्याची तात्पुरती खूण) मागावे लागते आणि सत्र संपले की ते निरुपयोगी होते. नेटवर्कची वाट पाहत फोनच्या रांगेत तासभर थांबलेली नोंद जुन्या टोकनासह गेली तर नाकारली जाते, म्हणून पाठवण्याच्या क्षणी ताजे टोकन घ्यावे.

परवाना_पाहणारा :
तांत्रिक बाजू सुटली तरी करार वाचल्याशिवाय अ‍ॅप सर्वांच्या हाती देऊ नका. २०१७ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने डिआजिओ या मद्य कंपनीच्या प्रकरणात असे ठरवले, की बाहेरच्या प्रणालीतून सॅपपर्यंत पोहोचणाऱ्यांनाही वापरकर्ता परवाना लागतो. सॅपची मागणी ५.४ कोटी पौंडांहून अधिक होती. त्यानंतर २०१८ मध्ये सॅपने दस्तऐवजांच्या संख्येवर आकारणी करणारा पर्याय आणला. त्यात मालाच्या हालचालीचा दस्तऐवज एक पंचमांशच धरला जातो, पण आवक रोजची असल्याने आकडा वाढतो. आपल्याला कोणता पर्याय लागू आहे, हे खरेदी विभागाकडून लेखी घ्यावे.

भांडार_चाकण :
मनःपूर्वक आभार. झेड तक्त्याची चाचणी केली. वायफाय मुद्दाम बंद-चालू करून तेच चलन पाच वेळा पाठवले, दस्तऐवज एकच झाला. आता एकच शंका : ३१ तारखेला रात्री फोनच्या रांगेत अडकलेली नोंद १ तारखेला पोहोचली, तर ती कोणत्या महिन्यात धरावी?

जुना_अबॅपवाला :
माल उतरल्याची तारीख फोनवरच नोंदवून ती पोस्टिंग तारीख म्हणून पाठवा. सर्व्हरची तारीख घेऊ नका. मागील महिन्यात नोंद करण्याची मुभा तुमच्याकडे उघडी असेल तर ती तिथेच बसेल. लेखा विभाग ती कोणत्या दिवशी बंद करतो हे मात्र आधी विचारून ठेवा आणि त्याआधी प्रत्येक फोनची रांग रिकामी झाली आहे का, हे दाखवणारा छोटा अहवाल भांडारप्रमुखांना द्या.