वासरू कोणाच्या हिश्श्यातलं?

थोरली_गुरुवारपेठ

गेल्या रविवारी देवळात (म्हणजे आमच्या चर्चमध्ये) पाळकसाहेबांनी उधळ्या पुत्राचा दाखला घेतला. ख्रिस्ती नसलेल्यांसाठी ही येशूची बोधकथा थोडक्यात (बायबल, लूक, अध्याय 15): धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो, परदेशी जाऊन सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी आल्यावर घरी परततो. बाप त्याला लांबूनच ओळखतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, अंगठी घालतो, पोसलेलं वासरू कापतो. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रुसून बाहेरच थांबतो.

संदेशाचं सार एवढंच की देवाचं प्रेम बिनशर्त आहे. शेजारच्या मावशी डोळे पुसत होत्या. मी हिशेब करत बसले.

बापाने मिळकत दोघांनाही वाटून दिली होती, तसं 12व्या वचनात स्पष्ट आहे. मोशेच्या नियमशास्त्रात (बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, 21:17) थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे धाकट्याला एक तृतीयांश. तो त्याने फुंकला. मग घरात उरलं ते सगळं थोरल्याचं. बाप स्वतःच पुढे म्हणतो, माझं जे आहे ते तुझंच. तर मग वासरू कोणाचं कापलं? आणि कापण्याआधी त्याला शेतातून बोलावून विचारायचं तरी!

हे इतकं का झोंबलं तेही सांगते. पप्पांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मी नेते. धाकटा भाऊ मम्मीचे दागिने मोडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. परवा त्याचा फोन आला. पप्पा रडले. फोन ठेवला आणि पहिलं वाक्य काय, तर "त्याची खोली झाडून घे." त्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे.

माझं मत: बिनशर्त प्रेम असेलही, पण त्याचं बिल कोणाच्या तरी नावावर फाटतंच.

तिरकस_सदाशिव

वाटणी तोंडी होती की रजिस्टर? (हलके घ्या.)

मला मुळात 'बिनशर्त'वरच आक्षेप आहे. योहान 3:16 मध्ये देव सगळ्या जगावर प्रीती करतो, पण सार्वकालिक जीवन कोणाला? तर विश्वास ठेवणाऱ्याला. बाकीच्यांचं काय? तुळशीबागेत 'सेल'ची पाटी मोठी असते आणि 'अटी लागू' मुंगीच्या अक्षरात, तसलाच प्रकार.

बिबवेवाडीचा_ब्रदर

तिरकसराव, प्रेम करणं आणि त्या प्रेमाचा लाभ होणं या दोन गोष्टी तुम्ही एकात कालवताय. रोमकरांस पत्र 5:8 बघा: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आधी सुधारा मग बघू, असं नाही. मत्तय 5:45 प्रमाणे पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो. आता घडा पालथा ठेवलात तर तो पावसाचा दोष का?

पण तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. 'बिनशर्त' हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. योहान 15:10 मध्ये येशू म्हणतो, माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल. 'तर' आहे तिथे! जर्मन पाळक बॉनहोफर यांनी 1937 सालीच 'स्वस्त कृपे'वर कोरडे ओढले होते: पश्चात्तापाशिवाय क्षमा, क्रुसाशिवाय कृपा. 1945 मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिलं. त्यांनी किंमत मोजून बोललंय, आपल्यासारखं की-बोर्ड बडवून नाही.

देहू_आळंदी

आम्ही माळकरी, पण हा वाद ओळखीचा वाटला. दक्षिणेतल्या वैष्णव आचार्य रामानुजांच्या संप्रदायात याच प्रश्नावर दोन तट पडले. वडकलै म्हणतात, भक्त माकडिणीच्या पिल्लासारखा, आईला त्याने घट्ट धरायला हवं. तेंकलै म्हणतात, मांजरीच्या पिल्लासारखा, आईच मानगुटीला धरून नेते. ब्रदर माकडवाले दिसतात.

बिबवेवाडीचा_ब्रदर

मांजरवाला आहे हो, पण बोचकारणारं पिल्लू मीही पाहिलंय.

जुना_पेठकर

अवांतर वाटेल, तरी लिहितो. 1890 साली याच गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी जमली होती. पुढे चहा आला, तोही मिशनऱ्यांकडचा, म्हणजे तेव्हाच्या समजुतीने बाटवणारा. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी प्रायश्चित्त घेतलं, रानड्यांनीही पुढे घेतलं. समाजाची माया एका कप चहावर अडली. देवाच्या अटींची चौकशी करणाऱ्यांनी आपल्या आधी तपासाव्यात. आणि ख्रिस्ती मंडळींनी फार खूश होऊ नये, कॅथलिक-प्रोटेस्टंट लग्न ठरलं की काय होतं ते बघितलंय मी.

तिरकस_सदाशिव

लग्नाबाबत +1.

वडगावशेरीची_मावशी

सलाम थोरल्या ताई. मी कॅथलिक. कृपेवरून आमचं-तुमचं शेकडो वर्षांचं भांडण, पण 1999 मध्ये ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) दोघांनी सही केली, की देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेने, आपल्या पुण्याईने नाही. त्यामुळे मी भांडायला आलेली नाही. एकच दाखवते.

बाप दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी, एकदा थोरल्यासाठी. थोरला म्हणतो "हा तुमचा मुलगा", बाप म्हणतो "हा तुझा भाऊ". थोरला आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही.

आणि बिलाचं म्हणाल तर रोमकरांस 8:29 मध्ये ख्रिस्तालाच पुष्कळ भावांमधला थोरला म्हटलंय. त्याने स्वतःहून दिलं. तुमच्याकडून परस्पर वसूल होतंय. दोन्ही सारखं नाही, हे पप्पांना तोंडावर सांगा. दाखला तुम्हाला गप्प बसवायला नाहीये.

बिबवेवाडीचा_ब्रदर

मावशी, बापाने क्षमा केली की भावानेही करावी, ही अपेक्षा मात्र शास्त्रात आहे. मत्तय 6:15.

वडगावशेरीची_मावशी

आहे ना. पण डायलिसिसच्या रांगेत बसणाऱ्या मुलीला ते वचन आपण इथे बसून ऐकवायचं नसतं, बाळा.

थोरली_गुरुवारपेठ

सगळ्यांचे आभार. मावशी, वासराचा हिशेब मी सोडलेला नाही.

काल पप्पांशी बोलले. म्हटलं, दागिने मम्मीचे होते आणि मशीन माझं आहे. ते काहीच बोलले नाहीत. रात्री भिंतीला धरत धरत माझ्या दारापर्यंत आले, म्हणाले, "मशीन राहू दे. तो हॉलमध्ये झोपेल." एवढं चालून धाप लागली होती, मग मीच त्यांना परत पलंगापर्यंत नेलं.

भाऊ रविवारी येतोय. मटण दीड किलो सांगून ठेवलंय. पैसे माझेच.